फोटोतले मूल आणि त्याचा कुत्रा

वाडे पाडून फ्लॅट झाले, तेव्हा आपल्या इंदुरातल्या किती घरांतून जुन्या फोटोंच्या पेट्या रद्दीत गेल्या! त्यातलेच काही जुन्या बाजारात दिसतात. लहान मूल आणि त्याचे पाळीव जनावर, असे फोटो जमवणारे शौकीन जगभर आहेत. निवृत्तीनंतर मीही त्यातलाच झालो.

हा फोटो जितका जुना तितका दुर्मिळ. १८३९ साली डगेरोटाइप जाहीर झाला, तेव्हा कॅमेऱ्यापुढे बराच वेळ न हलता बसावे लागे. मोठ्यांना सांगता येते. मुलाला आणि कुत्र्याला कोण सांगणार? म्हणून त्या काळातला कुत्रा बहुधा झोपलेला असतो, नाहीतर डोक्याच्या जागी नुसता धूसर डाग. विक्रेते असा फोटो 'खराब' म्हणून स्वस्तात देतात. मला तोच जास्त आवडतो, कारण कुत्रा त्यात कुत्र्यासारखा वागलेला असतो! १८८० च्या सुमारास तयार ड्राय प्लेट मिळू लागल्या, एक्स्पोजर क्षणावर आले. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि घरचे लोकच अंगणात फोटो काढू लागले.

ओळखायचे कसे? डगेरोटाइप आरशासारखा चकाकतो. टिनटाइप लोखंडी पत्र्यावर असल्याने चुंबकाला चिकटतो. पुठ्ठ्यावरचा फोटो अडीच बाय चार इंचांचा असेल तर कार्त द व्हिझित, सव्वाचार बाय साडेसहाचा असेल तर कॅबिनेट कार्ड. फ्रेममध्ये बसवायला पुठ्ठा कापू नका. स्टुडिओचे नाव त्यावरच असते. प्रख्यात छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी फोटोग्राफी सुरू केली ती इंदुरातच, हे विसरू नका.

चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटे फोटोचे वाटोळे करतात. आम्लरहित कागदात ठेवा. पाठीमागे बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलकेच नाव लिहा.

नाव मात्र लिहाच. बाजारातल्या फोटोतले मूल कोणाचे, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या दिवाळीत पेटी त्यांच्यासमोर उघडा, आणि मुलाबरोबर कुत्र्याचेही नाव विचारून घ्या.