कासेतले बॅक्टेरिया स्वतःला 'अपडेट' करतात का?

भूम तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकांचा फोन आला. "गाईला दगडी झालीय. मागची ट्यूब उरलीय, तीच सडात सोडू का?" मी म्हटलं, "नको काका, आधी डॉक्टरांना विचारा."

कारण सोपं आहे. दगडी, म्हणजे कासदाह, बहुतेकदा बॅक्टेरियामुळे होतो. त्यातला ई. कोलाय भरपूर खाद्य मिळालं तर 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने 10 तासांत एकाचे 107 कोटी! दर वेळी सुमारे 46 लाख अक्षरांचा डीएनए कॉपी होतो आणि कधीतरी एखादं अक्षर चुकतं. हेच म्युटेशन.

अ‍ॅपचं अपडेट कोणीतरी ठरवून लिहितं. इथे तसं कोणी नसतं. बहुतेक चुका बिनकामाच्या असतात, पण एखादीमुळे औषध लागू पडत नाही. मग औषधाने बाकीचे मरतात, तोच उरतो आणि वाढतो. काही बॅक्टेरिया तर असा कोड शेजाऱ्याला शेअरही करतात! म्हणजे म्युटेशन औषध बघून होत नाही. औषध फक्त निवड करतं. हीच उत्क्रांती. पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस 1942 मध्येच सापडले होते.

म्हणून दुधाचा नमुना तपासून घ्या, कोर्स पूर्ण करा. आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीलाही नको, खव्यालाही नको.