परसातील कुक्कुटपैदास आणि अनेक नरांचा प्रश्न

परसात पाळलेल्या कोंबड्यांच्या कळपात नर किती ठेवावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. नर अधिक झाले की झुंजी वाढतात, दाणा अधिक लागतो आणि माद्यांच्या पाठीवरील पिसे झडतात; म्हणून एकच नर राखून बाकीचे विकून टाकण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु ज्यास कळपातील एखादा गुण पिढ्यानुपिढ्या दृढ करावयाचा आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न आनुवंशिकीचा म्हणून उभा राहतो.

एकाच नराची संतती पुढे आपापसांत जोडली गेली की रक्तसंबंध वाढतो आणि अंड्यांची उबवणक्षमता व पिलांचा जोम घटतो. ह्या वाढीचे गणित स्यूअल राइट ह्यांनी 1931 साली मांडले. त्यांच्या सूत्रानुसार 1 नर व 10 माद्या मिळून जेमतेम 3.6 व्यक्तींच्या आदर्श समूहाइतक्या ठरतात आणि अंतःप्रजनन दर पिढीस सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. तेथेच 3 नर असल्यास ही वाढ सुमारे 5.4 टक्क्यांवर येते.

तथापि तीन नर एकत्र मोकळे सोडल्याने तीन पिते लाभतात, असे मात्र नव्हे. कोंबड्यांच्या कळपात टोचाटोचीचा एक ठराविक क्रम असतो, हे नॉर्वेजियन अभ्यासक थॉर्लाइफ शेल्डरूप-एब्बे ह्यांनी 1922 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. नरांतही असाच क्रम असून वरचढ नर इतरांस माद्यांजवळ फिरकू देत नाही. शिवाय दुय्यम नराशी संग झाल्यास मादी त्याचे रेत बाहेर टाकू शकते, असे पिझारी व बर्कहेड ह्यांना 2000 साली आढळून आले. म्हणजे पाळणाऱ्याने निवड केली नाही, तर ती झुंजीच्या बळावर होते; आणि झुंजारपणा हा काही अंड्यांच्या संख्येचा पुरावा नव्हे.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. अंडी देण्याचा गुण नराच्या अंगी प्रत्यक्ष दिसत नाही. तो त्याच्या मुलींवरूनच ओळखावा लागतो. ह्या तलंगा अंड्यावर येण्यास सुमारे पाच-सहा महिने लागतात. तोपर्यंत पिता विकला गेला असेल, तर परीक्षेचा निकाल हाती येऊनही उपयोग उरत नाही. आणि पिता कोणता हेच ठाऊक नसेल, तर निकालच लागत नाही.

म्हणून पैदाशीच्या काळात प्रत्येक नरास आठ-दहा माद्यांसह स्वतंत्र खुराड्यात ठेवावे. राखीव नर माद्यांपासून दूर एकत्र ठेवता येतात. लहानपणापासून एकत्र वाढलेले असल्यास ते बहुधा सलोख्याने राहतात. नर बदलताना एक सावधगिरी आवश्यक असते. मादीच्या अंडवाहिनीतील सूक्ष्म नलिकांत रेत साठून राहते व त्यायोगे साधारणतः दोन, क्वचित तीन आठवडे सफल अंडी मिळत राहतात. तेव्हा जुना नर काढल्यापासून तीन आठवड्यांच्या आतील अंडी पैदाशीसाठी उबवू नयेत. उबवावयाच्या अंड्यांवर खुराड्याची खूण करावी आणि पिलांच्या पायांत निरनिराळ्या रंगांची कडी घालावीत.

तीन खुराडी असल्यास रक्तसंबंध लांबविण्याची एक सोपी रीत उपलब्ध आहे. मुली आईच्याच गटात राहतात. निवडलेले मुलगे मात्र दर पिढीस पुढील गटात जातात. पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. त्यामुळे सख्ख्या भावंडांची जोडी टळते आणि बाहेरून नर न आणताही लहान कळप अधिक पिढ्या टिकतो.

सारांश, परसातील नरांची संख्या आणि पित्यांची संख्या ह्या दोन भिन्न गोष्टी होत. त्या एक करण्यास महागडी साधने लागत नाहीत. दोन-तीन कुडांची आडोशी, रंगीत कडी आणि नियमाने लिहिलेली वही एवढे पुरेसे असते. ह्यांपैकी वही टळली, तर उरलेल्या दोहोंचा श्रम व्यर्थ जातो.