छायाप्रकाश आणि मुखचित्र

छायाचित्र ह्या शब्दांत 'छाया' आधीं येते. परंतु छायाचित्र काढावयास बसलों कीं आपण प्रथम तिलाच हांकलून देतों. चेहऱ्यावर समोरून भरपूर उजेड पाडावा, कोठेंही काळोख राहूं देऊं नये, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ह्याच्या उलट, काळोखाला चित्राचा अर्धा भाग देणारी एक पद्धति आहे. १९४६ सालीं निनो फ्रांक ह्या फ्रेंच समीक्षकानें कांहीं अमेरिकन बोलपटांस 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', असें म्हटलें. त्या बोलपटांतील प्रकाशयोजना पुढें त्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचा उपयोग साध्या कृष्णधवल मुखचित्रासाठीं कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तें एका लहानशा प्रसंगामुळें. पालीच्या किनाऱ्यावरील एका वृद्ध मावशींचें छायाचित्र आम्हांस काढावयाचें होतें. सारा जन्म मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेल्या त्या मावशींनीं पेटींतून आपला तरुणपणींचा एक फोटो काढून दाखविला. त्यांत रंगसफाई करून त्यांस गोऱ्यापान केलें होतें. त्या म्हणाल्या, "पोरांनो, ही कोण म्हणून माझीं नातवंडें विचारतात. ह्या खेपेस मला मीच दिसूं दे." आम्ही निरुत्तर झालों, कारण आम्हीही समोर दोन प्रखर दिवे लावण्याच्याच बेतांत होतों.

अशा प्रकाशयोजनेचे उत्तम नमुने पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. भाईंदरहून ज्या लोहमार्गानें आपण मुंबईस जातों, त्याच मार्गावरील मालाड येथें १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज ही संस्था निघाली. तेथील छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मनीचे. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांनींच चित्रित केला, आणि 'महल' (१९४९) मधील काळोखांतून उमलणारे चेहरेही त्यांच्याच दिव्यांनीं घडविले. पुण्यास प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन' (१९३४) ह्या बोलपटांत केशवराव धायबर ह्यांनीं राजगुरूच्या एका डोळ्यानें सारा पडदा व्यापून टाकला. पुढें 'कागज के फूल' (१९५९) साठीं व्ही. के. मूर्ति ह्यांनीं बाहेरचें ऊन आरशांवरून परावर्तित करून स्टुडिओच्या अंधारांत प्रकाशाचा एकच झोत आणला. साधन आरशाचें, दिवा सूर्याचा. कौशल्य मात्र उजेड कोठें पडूं द्यावयाचा नाहीं हें ठरविण्याचें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. दिवा एकच घ्यावा, आणि तो लहान असावा. दिवा लहान तितकी सावली रेखीव. मोठ्या खिडकीचा किंवा ढगाळ आकाशाचा प्रकाश सावलीच्या कडा पुसून टाकतो. हा दिवा चेहऱ्याच्या एका बाजूस, सुमारें पंचेचाळीस अंशांवर, व डोळ्यांच्या पातळीहून वर धरावा. मग तो हळूहळू बाजूस सरकवीत नाकाच्या सावलीकडे पाहावें. ती गालाच्या सावलीस जाऊन मिळाली कीं अंधाऱ्या गालावर डोळ्याखालीं उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेंब्रांट (१६०६–१६६९) ह्याच्या चित्रांवरून ह्या योजनेस त्याचें नांव मिळालें आहे. दिवा आणखी बाजूस नेला तर अर्धा चेहरा लुप्त होतो. हनुवटीखालीं नेला तर सौम्य माणूसही भयंकर दिसूं लागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश निम्मा न राहतां चौथाई होतो. दिव्यापासून चेहरा दोन फूट व मागील भिंत आठ फूट दूर असेल, तर भिंतीवर चेहऱ्यावरच्या प्रकाशाचा केवळ सोळावा हिस्सा पोंचतो, आणि पांढरी भिंतही काळवंडते. तिसरी गोष्ट परावर्तनाची. चुना लावलेल्या खोलींत भिंतींवरून उजेड परत येऊन सावली फिकी करतो. म्हणून अंधाऱ्या बाजूस काळें कापड टांगावें. सावली अगदींच गडद झाली तर त्याच जागीं पांढरा कागद धरावा. उजळ बाजूवर अंधाऱ्या बाजूच्या आठपट प्रकाश असला म्हणजे ह्या पद्धतीचा खरा परिणाम साधतो.

कॅमेऱ्याचें मोजमाप उजळ गालावरून घ्यावें. तसें न केल्यास यंत्र काळोखालाच दोष समजून सारें चित्र उजळूं पाहतें. मोबाइलवरही पडद्यावर उजळ गालास बोट लावून प्रकाश थोडा कमी करतां येतो.

सावळ्या कांतीस तर ही पद्धति विशेष मानवते. समोरचा प्रखर उजेड ती सपाट करून टाकतो. तिरपा उजेड मात्र कपाळाच्या कडेवर, गालाच्या उंचवट्यावर आणि सुरकुत्यांच्या कांठांवर तेजाची रेघ ओढतो. रंग जसा आहे तसाच राहतो आणि आकार प्रगट होतो.

मावशींस आम्हीं दाराजवळ बसविलें, खिडक्या लावून घेतल्या आणि एकच दिवा ठेवला. भिंतीजवळ त्यांचेंच जुनें जाळें टांगलें, तेव्हां त्याच्या घरांची सावली भिंतीवर पुसट उमटली. जाळें दिव्याजवळ धरलें असतें तर तीच सावली मोठी व धूसर झाली असती. डावा गाल काळोखांत गेला. उजव्या डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका चमकला.

छापलेलें चित्र नेऊन दिलें, तेव्हां मावशींनीं तें बराच वेळ हातांत धरून ठेविलें. इतक्यांत त्यांची धाकटी नात धांवत आली आणि चित्राकडे एकदांच पाहून म्हणाली, "ही तर आजी!" जुना फोटो पुन्हां पेटींत गेला. भिंतीवर आतां नवें चित्र आहे. त्याचा अर्धा भाग काळा आहे, पण तें कोणाचें हें घरांत कोणी विचारीत नाहीं.