ऑनलाइन वर्गांवरील बंदी उठली, दरी मात्र कायम राहिली

माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र असलेल्या बंगळुरूत कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अनेक खासगी शाळांनी ऑनलाइन वर्ग सुरू केले. सरकारी शाळांतील अनेक मुलांच्या घरी मात्र स्मार्टफोनही नव्हता.

कर्नाटक सरकारने १५ जून २०२० रोजी लहान मुलांचे ऑनलाइन वर्ग थांबवण्याचा आदेश काढला. २७ जूनच्या आदेशाने मर्यादित वेळेपुरती मुभा दिली. मुलांच्या आरोग्याची काळजी आणि साधनांची विषमता, ही कारणे सरकारने पुढे केली होती. पालकांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती नटराज रंगस्वामी यांच्या खंडपीठाने ८ जुलै रोजी दोन्ही आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. काहींना साधने उपलब्ध नाहीत म्हणून इतरांचे शिक्षण रोखता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र, ऑनलाइन वर्ग सक्तीचे करण्याचा अधिकार शाळांना मिळाला, असा या आदेशाचा अर्थ नाही, हेही स्पष्ट केले.

साधने नसलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच. जुलैमध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीचे पाठ सुरू झाले. पण दूरचित्रवाणीला शंका विचारता येत नाही. ऑगस्टमध्ये 'विद्यागम' योजना आली. घरी कोणते साधन आहे हे पाहून मुलांचे गट पाडण्यात आले. शिक्षक वस्तीवर जाऊन मोकळ्या जागेत शिकवू लागले. परंतु शिक्षक व मुलांना संसर्ग झाल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरमध्ये योजना स्थगित झाली. खासगी शाळेतील मूल घरात सुरक्षित राहून शिकत असताना सरकारी शाळेतील मुलासमोर दोनच मार्ग होते: संसर्गाचा धोका पत्करणे किंवा शिक्षणास मुकणे.

साधन मिळाले की प्रश्न सुटतो, असेही नाही. 'असर' २०२० या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार सरकारी शाळांतील ५६.४ टक्के, तर खासगी शाळांतील ७४.२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यास साहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ३३.५ आणि ४०.६ टक्केच होते.

या खंडाची किंमत पुढे दिसली. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीच्या या मुलांपैकी ९२ टक्के मुले भाषेतील, तर ८२ टक्के मुले गणितातील किमान एक पूर्वी अवगत असलेले कौशल्य विसरली होती.

कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. एकाचे शिक्षण थांबवून दुसऱ्याला न्याय मिळत नाही, हे न्यायालयाने सांगितले. मागे राहिलेल्या मुलापर्यंत शिक्षक सुरक्षितपणे पोहोचवण्याची जबाबदारी मात्र शासनाचीच होती आणि ती अपुरी राहिली.