क्रोशाची सुई आणि फावल्या वेळेचे मोल

पुणे शहराच्या पश्चिमेस वसलेले कोथरूड हे एकेकाळी वेशीबाहेरचे शेतीवाडीचे गाव होते. १९६२ साली तेथे किर्लोस्कर-कमिन्सचा इंजिनांचा कारखाना सुरू झाला. पुढील काळात पौड रस्ता आणि कर्वे रस्ता यांच्या दोन्ही अंगांस वसाहती आणि गृहरचना संस्था वाढत गेल्या व गावाचे उपनगर झाले. या उपनगरातील मध्यमवर्गीय घरांत जी एक कला पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली आहे, ती म्हणजे क्रोशाचे विणकाम. दारावरचे तोरण, देव्हाऱ्यातील आसन, ताटावर झाकावयाचा रुमाल, नव्या बाळासाठी टोपरे व मोजे, लग्नाच्या रुखवतात मांडावयाच्या शोभेच्या वस्तू, अलीकडे भ्रमणध्वनीची पिशवी, केसांची फुले, कर्णभूषणे आणि लहानग्यांची खेळणी असे तिचे नाना प्रकार आढळतात.

हा छंद अल्प खर्चाचा आहे, घरबसल्या करण्याजोगा आहे आणि आनंददायी आहे. परंतु छंदातून झालेली वस्तू ज्या दिवशी भेट न राहता विक्रीस येते, त्या दिवशी एक प्रश्न उभा राहतो. तिच्यात गेलेल्या तासांची किंमत कोण धरतो? शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि महिला बचत गटांशी संबंध येणारे अधिकारी यांनी विचारात घ्यावा असा हा प्रश्न आहे.

हिंगण्याचा वारसा

कोथरूडला लागूनच हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचे कर्वेनगर आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कर्वे हिंगण्याहून रोज पायी जा-ये करीत. विधवा स्त्रीने दुसऱ्याच्या दयेवर न राहता शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्या संस्थेचा हेतू होता. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. तेथेही स्त्रियांना लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामासारखी हस्तकौशल्ये शिकविली जात.

या संस्थांच्या दृष्टीने हातकाम हा केवळ विरंगुळा नव्हता. ज्या स्त्रीच्या नावावर जमीन नाही, हाती पैसा नाही, तिच्यापाशी दोन हात आणि शिकलेले कौशल्य एवढेच भांडवल असते, ही जाणीव त्यामागे होती. पुढे शिक्षणाचा व नोकरीचा प्रसार झाला, तसे सुस्थित घरांत हे काम दुपारच्या वेळचा छंद बनले. हेतू बदलला, तरी टाके तेच राहिले.

एक सुई, एक धागा

‘क्रोशा’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडी असा आहे. टोकाशी आकडी असलेली एकच सुई आणि अखंड धागा एवढीच या कामाची साधने होत. दोन सुयांवरील विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात आणि एखादा सुटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात साधारणतः एकच फास सुईवर असतो. म्हणून काम कोणत्याही क्षणी बाजूला ठेवता येते. चुलीवरचे दूध पाहून यावे आणि पुन्हा सुई हाती घ्यावी, इतके ते घरकामाशी जुळते. चूक झाल्यास धागा ओढून हवे तेवढे उसवावे आणि त्याच धाग्याने पुन्हा विणावे. त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही माल वाया जात नाही.

टाक्यांची संख्याही थोडीच आहे. फासातून धागा ओढून घेतला की साखळी होते. साखळीत सुई घालून घातलेला आखूड टाका म्हणजे मुका खांब आणि सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका म्हणजे खांब. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके हातात बसले की बहुतेक नमुने साध्य होतात. तोरण व रुमाल यांसाठी सुती दोरा आणि सुमारे एक ते दोन मिलिमीटर जाडीची पोलादी सुई वापरतात. टोपरे, शाल व खेळणी यांसाठी लोकर किंवा कृत्रिम धागा आणि सुमारे तीन ते पाच मिलिमीटर जाडीची सुई सोयीची ठरते.

टाक्यांतील गणित

शिक्षकांच्या दृष्टीने या कलेत आणखी एक गुण आहे. गोल रुमाल विणताना पहिल्या फेरीत सहा मुके खांब घातले, तर दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस असे दर फेरीस सहा टाके वाढवावे लागतात. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो. प्रत्येक फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ सहाहून किंचित अधिक वाढतो. विद्यार्थी सूत्रात जे पाठ करतो, तेच येथे बोटांना कळते. खांब हा मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असल्यामुळे त्याच्या फेरीत बारा टाके वाढवितात, हेही त्याच नियमाने स्पष्ट होते.

वाढ कमी ठेवली तर कापड सपाट न राहता वाटीसारखे वळते. टोपरे असेच तयार होते. वाढ जास्त केली तर कडेला झालरीसारख्या लाटा उठतात. या लाटांचाच उपयोग करून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील लॅटव्हियन गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ साली अतिवलयी भूमितीतील पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखविला. कागदावर समजावून देण्यास अवघड असलेली ही भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता येऊ लागली. ज्या कामाकडे बायकांचा विरंगुळा म्हणून पाहिले गेले, त्यातून विद्यापीठातील वर्गासाठी साधन निर्माण व्हावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा समावेश करण्याची शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिक्षण यांचा पुरस्कार केला आहे. एक सुई आणि एक गुंडी एवढ्या खर्चात हा पाठ होऊ शकतो, आणि तो मुलींपुरता मर्यादित ठेवण्याचे कोणतेही कारण नाही.

यंत्राला न जमलेले काम

क्रोशाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, हाताने घातलेली ही वीण हुबेहूब घालणारे यंत्र उद्योगात रूढ झालेले नाही. बाजारात यंत्रावर विणलेल्या, क्रोशासारख्या दिसणाऱ्या जाळ्या मिळतात, परंतु त्यांची रचना निराळी असते. खऱ्या क्रोशाची वस्तू, मग ती कोथरूडच्या घरातील तोरण असो वा परदेशातून आलेला पोशाख असो, कोणाच्या तरी हातांनी टाका-टाका करून विणलेली असते. ती अत्यंत स्वस्त मिळत असेल तर त्याचे कारण यंत्र नसून कमी दिलेली मजुरी हे असते.

इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणून असंख्य कुटुंबांनी तग धरला. दुसरे उदाहरण भारतातीलच आहे. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला रुजविली आणि तेथील लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास केला व तो १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घरकाम आटोपून या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत. तरीही त्यांना कामगार न मानता ‘फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी’ मानले जाई, आणि त्याच आधारे त्यांची मजुरी अत्यल्प ठेवली जाई, असे त्यांनी दाखवून दिले. नफा व्यापाऱ्याकडे आणि निर्यातदाराकडे जाई. नरसापूरच्या या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु विणणारीच्या तासांचा हिशेब मानांकनाने आपोआप होत नाही.

एका तोरणाचा हिशेब

हा हिशेब समजण्यास एक कल्पित उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका तोरणास २०० रुपयांचा दोरा लागला आणि वीस तास काम करावे लागले. प्रदर्शनात ते ६०० रुपयांस विकले गेले. विणणारीला ४०० रुपये सुटले असे वाटते, परंतु ताशी मोबदला केवळ २० रुपये पडतो. रोजगार हमी योजनेत २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रासाठी अकुशल कामाचा दर दिवसास २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरल्यास तो ताशी सुमारे ३७ रुपये होतो. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधलेल्या कुशल कामाला अकुशल मजुरीच्या जेमतेम निम्मा दर मिळाला. अकुशल मजुरीचाच दर लावला, तरी या तोरणाची किंमत ९४० रुपये व्हावयास हवी होती.

शहरातील सुस्थित छंदी स्त्रीला या फरकाची झळ लागत नाही. ‘वेळ छान गेला, दोऱ्याचे पैसे निघाले’ एवढ्यावर तिचे समाधान होते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याच प्रदर्शनात शेजारच्या मांडणीवर तालुक्याच्या गावाहून आलेल्या बचत गटातील स्त्री तसेच तोरण घेऊन बसलेली असते. तिच्या मुलांच्या शाळेचा खर्च त्या विक्रीवर अवलंबून असतो. गिऱ्हाईक दोन्ही तोरणे पाहते आणि ६०० रुपये हीच क्रोशाची किंमत असे ठरवून जाते. एकीचा छंद अशा रीतीने, तिच्या नकळत, दुसरीच्या पोटावर येतो.

करता येण्याजोग्या गोष्टी

याचा अर्थ छंद सोडावा असा नाही. आजीने नातवंडासाठी विणलेल्या बाळंतविड्याची किंमत पैशांत होत नाही, व ती करूही नये. भेट ही भेटच राहावी. मात्र विक्रीस ठेवलेल्या वस्तूची किंमत तासांसह धरली जावी, मग विणणारीला पैशाची गरज असो वा नसो. त्यासाठी काही साधे उपाय योजता येतील.

वस्तू विणताना लागलेल्या तासांची नोंद एका वहीत ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर गुंडीचे वजन केले की किती धागा लागला हे कळते. वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर ‘हातकाम, वीस तास’ असा उल्लेख केल्यास गिऱ्हाइकालाही किमतीचे कारण समजते. गटाने धागा एकत्रित खरेदी केल्यास तो घाऊक दराने मिळतो. खेळण्यांना मणी किंवा बटणांचे डोळे न लावता ते धाग्यानेच भरावेत, म्हणजे लहान मूल ते तोडून गिळण्याचा धोका राहत नाही. अशा काळजीने वस्तूचा दर्जा वाढतो आणि योग्य किंमत मागण्यास आधार मिळतो. सतत विणण्याने मनगट व डोळे यांवर ताण येतो, म्हणून पुरेसा उजेड आणि मधूनमधून विश्रांती हीदेखील कामाचाच भाग मानावी.

संस्थात्मक आधारही उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ हे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान बचत गटांच्या माध्यमातून काम करतात. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्यामार्फत कारागिरांना ओळखपत्रे दिली जातात. प्रदर्शने भरविणाऱ्या संस्था आणि पंचायती यांनी मांडणीची जागा देतानाच किमतीची पद्धत समजावून सांगितली, तर त्याचा लाभ सर्वच विक्रेत्या स्त्रियांना होईल. कोथरूडसारख्या वसाहतींतील महिला मंडळांत हिशेब, नमुने आणि गिऱ्हाइकांची आवड यांची जाण असलेल्या अनेक निवृत्त शिक्षिका व बँक कर्मचारी आहेत. त्यांनी वर्षातून काही दिवस ग्रामीण गटांना दिले, तर त्यांचा छंद दुसऱ्याच्या उपजीविकेचा प्रतिस्पर्धी न होता आधार होईल.

हिंगण्याच्या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी स्त्रीच्या शिक्षणाला आणि श्रमाला प्रतिष्ठा देण्याचे काम सुरू झाले. त्याच परिसरातील घरांत आज क्रोशाची सुई चालते आहे. तोरण दारावर शोभतेच, पण ते विणण्यात गेलेले वीस तास कोणी मोजले, तर त्या श्रमाची प्रतिष्ठाही राखली जाईल.