‘विसरून जा’ म्हटल्याने मूल विसरत नाही

सोलापूर परिसरातल्या ज्या घरांत आज चाळिशीतले आईवडील आहेत, त्यांना ११ ऑक्टोबर २००२ चा शुक्रवार आठवत असेल. अमेरिकेतल्या एका पाद्र्याने प्रेषितांबद्दल (स.) काढलेल्या अपशब्दांच्या निषेधात शहरात बंद होता. त्याचे पर्यवसान दंगलीत झाले, माणसे गेली, संचारबंदी लागली. त्या दिवसांत आमचे शहरातले काही नातेवाईक मुलाबाळांसह होटगीला आमच्याकडे येऊन राहिले. त्यांच्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. ती रोज खाटेखाली शिरायची, बाहुलीला कुशीत घ्यायची आणि म्हणायची, “दार लाव, ते आले.” दिवसातून दहा वेळा हाच खेळ. घरातल्या मोठ्यांनी तिला रागावून तो बंद केला. असला खेळ घरात नको, म्हणाले. मग ती अंथरूण ओले करू लागली.

तेव्हा आम्हालाही काही कळत नव्हते. पुढे बीएड झाले, वर्गात वर्षे गेली, तेव्हा उमगले की ती मुलगी त्या खेळातूनच बोलत होती. लहान मुलाकडे शब्द कमी असतात. जे पाहिले ते ते पुन्हा पुन्हा खेळून दाखवते, आणि खेळताना कुणी प्रेमाने शेजारी बसले तर भीती हळूहळू उतरते. आपण तेच दार लावून घेतले.

मोठा धोका समोर आला की शरीरात एक घंटा वाजते. छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. धोका टळल्यावर ती थांबायला हवी. काही मुलांची थांबत नाही. मग कुकरची शिट्टी झाली, दार आपटले, कुणी आवाज चढवला, तरी तीच घंटा. लहान मुले आईला चिकटतात, सुटलेली अंगठा चोखायची सवय परत येते, रात्री दचकून उठतात. आठवी-नववीतली मुले रडत नाहीत. ती चिडतात, गप्प होतात, अभ्यास सोडतात, नको तिथे भांडण काढतात. आपण म्हणतो, पोरगा वाया गेला!

आम्हीही म्हटले होते. काही वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा बाक वाजला तरी उठून दाराकडे जायचा. त्याला आम्ही दोनदा वर्गाबाहेर उभे केले. महिनाभराने त्याची दादी शाळेत आली आणि म्हणाली, “बच्चे के दिल में डर बैठ गया है.” रस्त्यावरच्या भांडणात त्याच्या अब्बूंना त्याच्यादेखत मारहाण झाली होती. घरात ठरले होते की हा विषय काढायचा नाही. आम्ही मात्र शिक्षा देऊन बसलो होतो.

विषय न काढण्याची ही रीत नीट तपासून पाहायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरा आमच्याकडेही बसला. त्यानंतर कित्येक रात्री लोक अंगणात झोपले. लहान-थोर सगळेच घाबरलेले आणि सगळेच बोलत होते, म्हणून मुलांना आपल्या भीतीची लाज वाटली नाही. दंगल, मारहाण किंवा घरातल्या घरात होणाऱ्या हिंसेचे तसे नसते. तिथे बदनामीची, पोलिसांची, शेजाऱ्यांची भीती असते, म्हणून सगळे तोंड मिटतात. मूल त्या भीतीबरोबर एकटे पडते आणि पुष्कळदा मनात धरून बसते की हे माझ्यामुळेच झाले.

मग बोलायचे कसे? खोदून विचारू नका. “काय पाहिलंस, सगळं सांग,” असा तगादा लावला तर जखम पुन्हा उघडते. एवढे म्हणा, “जे झालं ते फार वाईट झालं. त्यात तुझी चूक नाही. तुला वाटेल तेव्हा सांग, मी ऐकते.” मग खरोखर ऐका, भाकरी थापता थापता ऐकले तरी चालेल. खोटा दिलासा नको. “पुन्हा कधीच काही होणार नाही,” असे वचन आपल्या हातात नसते. “आत्ता आपण सगळे घरात आहोत, मी तुझ्याजवळ आहे,” हे मात्र खरे असते. जेवण, शाळा, मकतब, झोप यांच्या वेळा पूर्वीसारख्या ठेवा. उद्या काय होणार हे माहीत असले की मुलाला धीर येतो.

मुलगे रडले की “मर्द रडत नाहीत” म्हणायची आपल्याकडे सवय आहे. आपल्या लहानग्या इब्राहीमच्या वफातीवेळी खुद्द नबींच्या (स.) डोळ्यांतून आसवे आली होती. सब्र म्हणजे आसवे गिळणे नव्हे.

मोबाइलचे वेगळे सांगायला हवे. मारहाणीचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतात आणि तेरा-चौदा वर्षांची मुले ते आपल्याआधी पाहतात, तेही पुन्हा पुन्हा. घटना शेकडो मैलांवरची असली तरी त्यांच्या मनात ती आपल्याच गल्लीत घडते. मोबाइल हिसकावून हे थांबत नाही. त्यांच्याशी बोलावे लागते, आणि आधी आपण ते पुढे पाठवणे बंद करावे लागते. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याचा फोटो किंवा नाव पसरवणे तर कायद्यानेही गुन्हा आहे, मग हेतू हमदर्दीचा का असेना.

महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मूल मरणाची भाषा करू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले तर एक दिवसही थांबू नका. दुआ करा, पण तावीज बांधून दवाखाना टाळू नका. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. मुलाला घरातच मारहाण होत असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर १०९८ वर कळवा.

आणि वर्गशिक्षकांना सांगा, सविस्तर नको, दोन वाक्ये पुरतात. त्या दादींनी सांगितल्यावर आम्ही त्या मुलाची जागा दाराजवळ केली. घाबरल्यासारखे झाले तर न विचारता बाहेर जाऊन पाणी पिऊन ये, असे त्याला सांगितले. पहिल्या आठवड्यात तो रोज चार-पाच वेळा गेला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एखाद्या वेळीच जाऊ लागला.