रेडिएटरमधले पाणी जाते कोठे?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वाहन विभागाच्या शेडसमोर सकाळच्या पारी एक-दोन जुने ट्रॅक्टर उभे असतातच. तक्रार बहुतेक वेळा एकच. "साहेब, ट्रॅक्टर पाणी खातोय." हा शब्द आपल्या भागात इतका रूढ झाला आहे की त्या गोष्टीची सर्वांना सवयच होऊन गेली आहे. सीटमागे पाण्याचा कॅन बांधायचा, काट्यावर नंबर लागेपर्यंत झाकण उघडून भरून घ्यायचे आणि हंगाम ढकलायचा.

वास्तविक इंजिन पाणी खात नसते. रेडिएटर, वरचा-खालचा रबरी पाइप, ब्लॉक, हेड आणि वॉटर पंप मिळून पाण्याची ही एक बंद वाट आहे. तिच्यात पाणी फिरते, संपत नाही. कमी झाले याचा अर्थ ते कोठून तरी बाहेर पडले. ते कोठून पडले हे शोधायचे कसे, ते येथे सांगायचे आहे. आणि सांगताना आमची स्वतःची झालेली फजितीही लपवणार नाही.

2023-24 च्या हंगामात, जानेवारी महिन्यात, एका सभासदांचा ट्रॅक्टर आमच्याकडे आला. तीस वर्षांपुढचा, तीन सिलिंडरचा, मागे दोन ट्रेलर. फड कारखान्यापासून अठरा किलोमीटरवर आणि वाटेत एक लांब चढ. दर फेरीला दोन-अडीच लिटर पाणी कमी व्हायचे. गाडी उभी केली तर खाली जमिनीवर मात्र थेंब नाही! ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा मुलगा सोबत होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. दोन दिवसांपूर्वी चढावर इंजिन तापले, वाफेचा वास आला म्हणून गाडी थांबवून त्याने लगेच रेडिएटरचे झाकण फिरवले होते. हात भाजला, तोंड थोडक्यात वाचले. ट्रेलर रात्रभर तेथेच राहिले, आणि तोडलेला ऊस उभा राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

हा हात का भाजला, ते आधी समजून घ्या. रेडिएटरचे झाकण नुसते झाकण नाही, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. आत ठराविक दाब साठेपर्यंत तो पाणी बाहेर सोडत नाही. कितव्या दाबाचे झाकण ते त्याच्यावर छापलेले असते. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा सात पौंडांच्या आसपासचे झाकण येते. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते. सात पौंड दाबाखाली ते एकशे दहा अंशांच्या पुढे गेल्यावर उकळते. म्हणजे तापलेल्या रेडिएटरात शंभराच्या वरचे पाणी शांत बसलेले असते, आणि झाकण काढून दाब गेला की त्याच क्षणी सगळे उकळून वर उसळते. प्रेशर कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढण्यासारखाच हा प्रकार आहे. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. वरच्या रबरी पाइपाला हात लावून तो मऊ आणि कोमट लागला तरच, वर जाड फडके टाकून, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे आणि मग उघडावे. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

त्या मुलाने आम्हांला एक चांगला प्रश्न विचारला. "काका, काटा तर खालीच होता की, मग इंजिन तापलं कसं?" उत्तर असे की काट्याची जी कांडी इंजिनात बसवलेली असते, ती पाण्यात बुडालेली असेल तरच खरे सांगते. पाण्याची पातळी तिच्याखाली गेली की ती हवेत लटकते आणि काटा खाली येतो. म्हणून चढावर आधी वर चढलेला काटा एकाएकी खाली पडला, तर इंजिन गार झाले असे समजू नका. पाणी संपले असे समजा आणि गाडी बाजूला घ्या.

आता शोधाकडे वळू. पाण्याला बाहेर पडायला वाटा तीनच : अंगावरून बाहेर, खाली ऑइलमध्ये, नाहीतर सायलेन्सरमधून वाफ होऊन. शेवटच्या दोन वाटा महागाच्या, म्हणून त्या आधी तपासून मोकळे व्हावे. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळेच होते. पाणी मिसळले तर ते दुधाच्या चहासारखे होते. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले, तर पाण्यात बुडबुडे नाहीत. हेड गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून सारखे बुडबुडे येत राहतात. पंपाने पाणी ढवळून फसगत होऊ नये म्हणून ही तपासणी फॅन बेल्ट काढून, पण एक-दोन मिनिटांतच उरकावी. इंजिन गरम झाल्यावर सायलेन्सरचा धूरही पांढरा नव्हता. म्हणजे पाणी अंगावरूनच जात होते.

येथे आम्ही चुकलो. रेडिएटर जुना, खालच्या टाकीच्या कडेला हिरवट डाग. आम्ही म्हटले, हाच चोर. रेडिएटर उतरवून झाळायला पाठवला. झाळणाऱ्याने दोन्ही तोंडे बंद करून आत हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा हौदात बुडवून पाहिला. एका ठिकाणी बारीक बुडबुडा आला, तो त्याने झाळला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत दारात! पाणी तेवढेच जात होते. एक गळती सापडली म्हणजे तीच गळती असे धरून चाललो, एवढीच आमची चूक. पण तिच्यापायी त्या सभासदांच्या दोन दिवसांच्या खेपा आणि झाळकामाचे पैसे गेले.

मग मात्र रीतसर बसलो. रात्रभर गाडी शेडमध्ये गार होऊ दिली. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरून झाकणाच्या जागी दाबाचा हातपंप बसवला. हा पंप म्हणजे सायकलच्या पंपाला घड्याळ जोडल्यासारखी वस्तू आहे. दाब सात पौंडांपर्यंत नेला आणि हात काढून घेतला. झाकणावर छापलेल्या आकड्याच्या पुढे कधी जाऊ नये, जुने टाके उसवतात. दहा मिनिटांत काटा सातावरून चारावर आला. गळती आहे हे नक्की झाले, आणि इंजिन गार असल्याने पाणी वाळूनही जाणार नव्हते. तरी डोळ्यांना काही दिसेना. सगळीकडे ग्रीस, धूळ आणि उसाचे पाचट. तेव्हा पुढची बाजू रॉकेलने धुऊन, कोरडी पुसून, शाळेच्या खडूची पूड जोडाजोडांवर फासली आणि पुन्हा दाब दिला. पाइपांच्या क्लिपा कोरड्या. रेडिएटरच्या खालची तोटी कोरडी. ब्लॉकच्या अंगात वाटीसारखी झाकणे ठोकलेली असतात, मिस्त्री त्यांना डमी म्हणतात, तीही कोरडी. आणि मग पंख्याच्या मागे, पंपाच्या दांड्याभोवती, खडूवर एक ओली रेघ उतरली.

बेल्ट काढून पंखा दोन्ही हातांनी हलवला तर तो मागे-पुढे खेळत होता. वॉटर पंप, म्हणजे मिस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो, उतरवला आणि सगळा उलगडा झाला. पंपाच्या पोटात एका बाजूला पाणी असते, दुसऱ्या बाजूला ग्रीस भरलेले बेअरिंग, आणि मध्ये सील. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडून तिला खाली एक बारीक छिद्र ठेवलेले असते. सील झिजले की पाणी या छिद्रातून खाली टपकते, बेअरिंगपर्यंत जात नाही आणि मालकाला वर्दी मिळते. या पंपाचे छिद्र कोणीतरी लाकडाची खुंटी मारून, वरून लांबी भरून बुजवलेले होते! पाणी टपकताना दिसले, भोक दिसले, बुजवले. करणाऱ्याला वाटले काम झाले. बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरले, ग्रीस धुऊन गेले, दांडा खेळू लागला आणि त्या खेळाने सील आणखी फाटले. चालू गाडीत तेच पाणी पंख्याच्या वाऱ्याने मागे तापलेल्या ब्लॉकवर उडून जागच्या जागी वाळत होते. म्हणून खाली थेंब नव्हता. ब्लॉकवर पांढरट ओघळ होते, ते आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि जुने म्हणून सोडून दिले होते. आणखी थोडे दिवस गेले असते तर बेअरिंग मोडून पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला असता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. पंपाचे नवे किट घातले, म्हणजे दांडा, बेअरिंग आणि सील. छिद्र तारेने साफ केले. पंप बसतो ती जागा जुना कागद खरवडून सपाट केली आणि नवा गॅस्केट घातला. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतका ताणला. फार ताणला तर नवे बेअरिंगही लवकर जाते. पुन्हा सात पौंड दाब दिला. दहा मिनिटांनी काटा सातावरच. त्या हंगामात त्या ट्रॅक्टरने पुन्हा पाणी मागितले नाही.

सर्वच गाड्यांत चोर पंपच निघेल असे नाही. कित्येकदा झाकणाची रबर गेलेली असते आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीने जाते. झाकण बदलले की काम झाले, मात्र त्याच दाबाचे घ्यावे. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याची क्लिप ढिली असेल तर चालू इंजिनात तो गळण्याऐवजी हवा ओढतो. ज्या इंजिनांत लायनरभोवती थेट पाणी असते, तेथे लायनरच्या खालच्या रबरी रिंगा कुजून पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ते ओळखायला सोपी युक्ती आहे. रात्रभर उभ्या गाडीचा चेंबरचा नट सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी हळूच ढिला करावा. पाणी जड, ते तळाशी बसते. असलेच तर ऑइलच्या आधी तेच बाहेर येते. असे पाणी दिसले तर गाडी सुरूसुद्धा करू नये, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलने क्रँकची बेअरिंगे जातात आणि तो खर्च फार मोठा आहे.

आता हळदीविषयी. रेडिएटरात मूठभर हळद टाकली की गळती थांबते हे ड्रायव्हर मंडळींचे ज्ञान खोटे नाही. बारीक भोकात हळद फुगून बसते. आडरानात अडकलात तर टाका आणि घर गाठा. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. घरी आल्यावर सगळे पाणी सोडून, धुऊन काढले नाही तर गळती थांबते आणि तापणे सुरू होते.

बोअरच्या पाण्याचेही तेच. आपल्याकडचे पाणी जड. पातेल्याला धरतो तसा पांढरा थर ब्लॉकच्या आत धरतो. पावसाचे साठवलेले किंवा आर. ओ.चे पाणी वापरावे आणि त्यात कूलंट घालावे. कूलंटने गंज थांबतो, आणि रंगामुळे गळती लवकर दिसते. मात्र जुन्या गाडीत प्रथमच कूलंट घातले की साध्या पाण्याला न सापडलेल्या फटींतूनही ते झिरपू लागते. कूलंट खराब निघाले असे समजून ते ओतून देऊ नका, फट शोधा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो : नेहमीच्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असते, ते चवीला गोडसर आणि विषारी. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये, गोठ्याच्या बाजूला ओतू नये. जनावर ते पिते, कुत्रे तर आवडीने चाटते. मुलांच्या हातात डबा लागू देऊ नये.

ज्या सभासदांचे ट्रॅक्टर पाणी कमी करत असतील त्यांनी आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनात किती पाणी घालावे लागले ते लिटरच्या बाटलीने मोजून वहीत लिहावे. नुसते "लई खातो" म्हणण्यापेक्षा ही वही आम्हांला जास्त उपयोगी पडते. दाबाचा हातपंप वाहन विभागात ठेवलेला आहे. गाडी आदल्या संध्याकाळी आणून शेडमध्ये लावावी म्हणजे सकाळी ती गार मिळेल. आणि येण्यापूर्वी इंजिन धुऊन आणू नये; ओघळ पुसले गेले की आमचे काम दुप्पट होते.